सात सेकंद डोळ्यांत, तीन सेकंद कागदावर

पडदा वर जातो तेव्हा दिसते दहा बाय दहाची एक खोली. दोन खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर रक्तदाब मोजायचं बंद पडलेलं यंत्र. डावीकडच्या भिंतीत मोठी काच. खोलीतून पाहिलं तर आरसा, पलीकडून पाहिलं तर खिडकी. पलीकडे परीक्षक बसतात. एका खुर्चीवर मी, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून.

मी या मेडिकल कॉलेजची खोटी पेशंट. नाटकं थांबली आणि हे काम मिळालं. डॉक्टर होणाऱ्या मुलांनी पेशंटशी कसं बोलावं, याची परीक्षा असते. एकच वाईट बातमी खऱ्या माणसाला दिवसातून तीस वेळा देता येत नाही, म्हणून ती मला देतात. दर सहा महिन्यांनी मला अन्ननलिकेचा कॅन्सर होतो.

घंटा झाली आणि टेप आत आली.

हे नाव तिला वर्गातल्या पोरांनी ठेवलेलं. एकदा वाचलं की पानच्या पान स्वल्पविरामासकट बाहेर. सगळ्या विषयांत पहिली. वडील बसच्या डेपोत मेकॅनिक, आई एका दवाखान्यात आया. मुलगी डॉक्टर होणार हे त्यांच्या गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. एवढी एक परीक्षा उरली होती. झाली की इस्पितळात रुजू व्हायचं.

आता हे बोलणं तिला शिकवलं कोणी? विभागप्रमुखांनी. हे गृहस्थ वीस वर्षं राउंड घेताना फाइलशी बोलत आलेले. पेशंट पलंगावर आहे की नाही, हेही ते फाइल उघडून ठरवत. कुठलीशी तीन दिवसांची कार्यशाळा करून आले आणि येताना बावीस मार्कांचं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड घेऊन आले. दार वाजवणे, एक मार्क. स्वतःचं नाव सांगणे, एक मार्क. खांद्यावर हात, एक मार्क. सहानुभूतीचं वाक्य, दोन मार्क. नजर: सात सेकंद पेशंटच्या डोळ्यांत, तीन सेकंद कागदावर. माणुसकी अशी चमच्याने मोजून पाजणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

टेपने कार्ड पाठ केलं. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. बाई चक्क आकडे मोजत होती. सात झाले की मान खाली, तीन झाले की वर, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. मला ठरवून दिलेली एक ओळ होती, ती मी जरा लवकर घेतली. म्हटलं, "धाकटीला माझ्या गेल्या आठवड्यात नोकरी लागली." टेपच्या हिशेबाने तिथे सहानुभूती यायची होती. अतिशय हळुवार आवाजात ती म्हणाली, "तुमच्यासाठी हे किती कठीण असेल, मी समजू शकते."

तोंड गंभीर ठेवायला मला पन्नास वर्षांची पुण्याई खर्चावी लागली.

टेप नापास झाली. त्या वाक्यामुळे नव्हे. त्याला प्रमुखांनी दोनपैकी दोन दिले होते. खांद्यावर हात ठेवला नाही, तीन सेकंद तिथे चार झाले, असल्या फुटकळ मार्कांवर ती गेली. तीन आठवड्यांनी आणखी एक संधी. तीही हुकली तर अख्खं वर्ष घरी.

बाहेर पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर ती कार्ड घेऊन बसली होती. आईला अजून सांगितलं नव्हतं. अशी परीक्षा असते हे कळल्यावर आई पोट धरून हसली होती म्हणे, आणि विचारलं होतं, यात नापास होणाऱ्याला काय, मुका म्हणतात का? आता तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, असं टेपने मला विचारलं.

मी तिला आमच्या नाटक कंपनीतल्या एका नटाची गोष्ट सांगितली. समोरच्याची ओळ संपली की आपली म्हणायची, एवढंच त्याला कळे. एका प्रयोगात त्याच्या समोरचा नट चक्कर येऊन धाडकन पडला. हा पठ्ठ्या रिकाम्या हवेकडे बघत म्हणाला, "तुमचं म्हणणं मला पटलं."

टेप हसली नाही. "मग त्याने काय करायला हवं होतं, आजी?"

"खाली बघायला हवं होतं, बाळ. माणूस पडला होता."

दुसऱ्या परीक्षेला बाहेरून तपासनीस आले. त्यांच्यावर छाप पाडायची म्हणून प्रमुखांनी ठरवलं की पेशंट आपणच व्हायचं. मला काचेमागे बसवलं. गळ्याला मफलर गुंडाळून साहेब खुर्चीवर बसले. स्टेथोस्कोप खिशातून लोंबत होता, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या नाटकात झाड बनून उभा राहणारा पोरगासुद्धा अभिनयाला याहून जास्त मेहनत घ्यायचा.

टेपने विचारलं, काय त्रास होतो.

पेशंट म्हणाला, "सहा आठवड्यांपासून प्रोग्रेसिव्ह डिसफेजिया."

असा पेशंट कार्डावर नव्हता. टेप थांबली. ओठ हलत नव्हते.

"म्हणजे घास गिळताना अडकतो का, काका?"

"अं... हो. अडकतो."

"आधी काय अडकायला लागलं?"

साहेब गोंधळले. वीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला असता, तर उत्तर सुचलं असतं. सगळंच अडकतं, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मग टेपने खुर्ची टेबलाच्या अलीकडे, त्यांच्या शेजारी आणली आणि सरळ सांगितलं की अन्ननलिकेतून काढून तपासणीला पाठवलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला आहे. सांगून गप्प बसली. बराच वेळ.

ती शांतता साहेबांना सोसेना. पेशंटच्या खुर्चीतूनच ते कुजबुजले, "खांदा, खांदा." प्रॉम्प्टर मी खूप पाहिले, पण ते विंगेत उभे राहायचे. टेपचा हात जागचा हलला नाही. मग मात्र साहेब ओरडतच उभे राहिले, मफलर खाली पडला. मुद्दा अकरा गेला, बारा गेला, हेच शिकवलं का मी, बाहेरच्या माणसांसमोर माझी शोभा केलीस. घंटा व्हायला अजून दीड मिनिट होतं.

निकाल सांगून टाकते. साहेबांनी बावीसपैकी सात दिले, तपासनीसांनी अठरा. सरासरी काढून पोरगी काठावर पास झाली आणि सोमवारी रुजू झाली. पण हे सगळं मागाहून. त्या घटकेला वर्ष गेलं असंच तिला वाटलं असणार. मी काचेला नाक लावून उभी होते. सर उभे राहिले की ताडकन उठणारी ती मुलगी बसून राहिली. वाकून मफलर उचलला, त्यांच्या हातात दिला आणि वर बघून म्हणाली,

"काका, असं काही ऐकल्यावर राग येतोच. बोला तुम्ही, मी बसले आहे."