धर्माजीची उलटी गाडी

आमचा धर्माजी जाऊन संक्रांतीला चार महिनं व्हतील. आळेफाट्यावर मोटर भरणारा धर्माजी इचारलं तर कोणीबी दुकान दाखवतंय, आजूनबी दाखवतात, फक्त शटर खाली असतं. दहाव्याला लोकं जमली तवा मोटरींचं कोण बोललंच न्हाई, समदे त्या रोबोटचंच काढून बसले. आन् जो तो येगळंच सांगत व्हता. एक पावणं म्हणलं की धर्माजीनं ऊस तोडणारा रोबोट बनवला व्हता. तसलं काय बी न्हवतं. जसं झालं तसं हितं लिवलंय.

धर्माजीनं सहावीतनं शाळा सोडली आन् मामाच्या दुकानात बसला, तो तिथंच म्हातारा झाला. काम एकच. पाण्याच्या जळलेल्या मोटरी भरायच्या, म्हंजे आतली जळकी तार उपसायची आन् तांब्याची नवी तार गुंडाळायची. गुंडाळताना तो तोंडातल्या तोंडात येढं मोजायचा. मधी कोण बोललं की एक बोट वर करायचा. बोट वर हाय तवर गप बसायचं. पोराचं, भरतचं लग्न ठरवाया सोयरं आलं व्हतं, ती माणसं पाऊण तास बोटाकडं बघत बसली. तरी लग्न झालं.

दुकानाची एक रीत व्हती. भरलेली मोटर हळदकुंकू लावल्याबिगर दाराबाहेर जायची न्हाई. ते काम बायकोचं, लंकाबाईचं. दुकानामागंच घर. शेतकरी मोटर न्यायला आला की ती आतनं वाटी घिऊन यायची, मोटरीचं तोंड कुठं हाय ते बघायची आन् दोन बोटं लावायची. कोण घाई करायला लागला तर म्हणायची, "भाऊ, तुमच्या हिरीत उतरायचंय तिला, का उगं?" मंग माणूस थांबायचा.

पण अलीकडं काम कमी झालं व्हतं. मोटर जळली की लोकं नवीच आणायची. भरत बायकोला घिऊन चाकणला गेला, रविवारी फोन करायचा, "जेवला का?" म्हणायचा, हा म्हणायचा "जेवलो," की झालं. दुपारी दुकानात येवढं सामसूम असायचं की समोरच्या पानाच्या टपरीवर कोण काय मागतंय ते हितं ऐकू यायचं.

तशात एक दिवस शाळेचे बाळासाहेब सर आले. सर इतिहास शिकवायचे, पण एकदा त्यांनी शाळेची बेल दुरुस्त केली व्हती, म्हणून हेडसरांनी रोबोटचं काम त्यांच्या गळ्यात घातलं व्हतं. सरांनी खिशातनं रुमाल काढला, हळूच उलगडला. धर्माजीला वाटलं सरांचा दात पडला.

आत दोन मोटरी व्हत्या. सुपारीयेवढ्या.

"सर, ही मोटर हाय का मोटरीचं अंडं?"

"धर्माजी, थट्टा करू नका. जळल्यात दोन्ही. पोरांनी मोटारसायकलची बॅटरी लावली."

मंग सरांनी समदं सांगितलं. एका कंपनीनं शाळेला रोबोटची पेटी दिली व्हती, वर्षभर वापरायला. मंचरला स्पर्धा. पहिल्या आठात आलं तर पेटी शाळेला कायमची, न्हाई आलं तर पेटी पुढल्या शाळेला. आन् मोटरी पुण्याहून मागवायला टाइम न्हवता.

धर्माजीनं कधी असली मोटर भरली न्हवती. पण न्हाई म्हणायची सवयच न्हवती त्याला. भिंग घेतलं, केसासारखी तार घेतली आन् बसला. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत रोज दुपारी चार वाजता तीन पोरं यायची, मोटर झाली का बघायला. अक्षदा, ती टीमची पुढारी, बोलायला फटकळ. हर्षाली खोडदची, पण हितं मामाकडं राहायची. तिचा बाप तिथल्या मोठ्या दुर्बिणीवर कामाला, म्हणून शाळेत समद्यांना वाटायचं हिला इज्ञान येत आसंल. बाप तिथं झाडांना पानी घालतो. आन् तिसरा ऋतिक, पार वरच्या डोंगरातला, भातवाल्यांचा पोरगा, वसतिगृहात राहायचा. बॅटरी लावायची अक्कल त्याचीच.

ती यायची, धर्माजीचं बोट वर असायचं, ती गप बसायची. बोट खाली आलं की लंकाबाई चहा द्यायची. चौथ्या दिवशी मोटरी झाल्या. पाचव्या दिवशी चारला पोरं परत आली.

"आता काय राहिलं?" धर्माजी म्हणला.

"काका, शाळेत पंखा बंद हाय. हितंच जोडतो गाडी."

"रोज काय येता रं. दुकान हाय हे."

असं तो रोज म्हणायचा. आन् रोज साडेतीनला चहाचं पातेलं घासून ठिवायचा. लंकाबाईनं हे बघितलं व्हतं.

गाडी जोडून झाली. स्पर्धेत काय करायचं व्हतं, तर पांढऱ्या कागदावर काळी पट्टी, त्या पट्टीवरनं गाडीनं आपली आपण जायचं, मधी एक चढ, वर टोपली, टोपलीत तीन टमाटी नेऊन टाकायची. पट्टी बघायला गाडीच्या पुढं खालच्या अंगाला दोन बारकं डोळं व्हतं, सेन्सर म्हणायची पोरं. आधीच्या मोटरी व्हत्या तवा गाडी चढावर कधी चढलीच न्हवती. पुढची चाकं नुसती गरगर फिरायची.

बटण दाबलं. गाडी मागं निघाली.

धर्माजीनं दोन्ही मोटरी उलट्या भरल्या व्हत्या. उभ्या जल्मात पयल्यांदा. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

ऋतिक म्हणला, "काका, काय न्हाई, दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं."

"थांब," धर्माजी म्हणला. थांब कशाला म्हणला ते त्याला बी म्हाईत न्हवतं. पण तवर गाडी मागंमागं जात पोरांनी पाट टेकवून केलेल्या चढावर गेली. आन् चढली. पार वर गेली, वरनं धडकन खाली पडली.

अक्षदानं गाडी उचलून उलटीपालटी केली. "काका! मोटरीची चाकं आता चढाच्या खालच्या बाजूला आली, वजन त्यांच्यावर पडतंय! तुमाला म्हाईत व्हतं?"

धर्माजीनं भिंग पुसलं. "बैलगाडी मागनं ढकलतात का पुढनं?" म्हणला. हे काय उत्तर न्हवतं, पण पोरांनी वहीत लिवून घेतलं. मंग त्यांनी डोळं काढून दुसऱ्या टोकाला लावलं आन् गाडीची शेपूट तेच तोंड झालं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाळासाहेब सरांना निवडणुकीची ड्यूटी लागली. हेडसरांनी फॉर्मवर सरांचं नाव खोडून धर्माजीचं लिवलं. सकाळी सहाच्या एस्टीनं निघायचं ठरलं. धर्माजीनं लग्नातला सदरा घातला. पोरं पेटी घ्यायला आत गेली तवा लंकाबाई वाटी घिऊन बाहेर येत व्हती, तिचं काम उरकलं व्हतं. कोणाच्या ध्यानात आलं न्हाई.

मंचरला कॉलेजचा हॉल मोठा. बावीस टीम. पोरांचे एकसारखे टी-शर्ट, त्यांच्या सरांच्या गळ्यात ओळखपत्रं. आपली तीन पोरं शाळेच्या ड्रेसवर. एक कोटवाले सर धर्माजीजवळ येऊन बसले.

"नमस्कार. आपण कुठून?"

"आळेफाटा."

"विषय कोणता तुमचा?"

"पाण्यातल्या मोटरी."

"वा," सर म्हणले आन् खुर्ची जरा लांब सरकवली का जवळ, ते धर्माजीला कळलं न्हाई.

आधी सरावाची एक फेरी व्हती. अक्षदानं गाडी पट्टीवर ठिवली, बटण दाबलं. गाडी जागची हालली न्हाई. परत दाबलं. न्हाईच. हर्षालीनं बॅटरी बघितली, भरलेली. ऋतिकनं वायरी बघितल्या, बरोबर. मंग अक्षदानं गाडी उलटी केली आन् तिचं तोंडच पडलं.

"काका, हे काय?"

दोन्ही डोळ्यांवर हळदकुंकू. बोट बरोबर मधोमध. लंकाबाईनं मोटरीचं तोंड शोधलं व्हतं, आन् सापडलं व्हतं.

"आंधळी केली की गाडी!" अक्षदा म्हणली. "पट्टी दिसंलच कशी!"

"पुस पुस," धर्माजी म्हणला आन् खिशातलं फडकं काढलं. तेवढ्यात माईकवर नंबर पुकारला, सहा. सहा नंबर त्यांचाच. परीक्षक मॅडम टेबलाशी येऊन उभ्या.

"गाडी खाली ठेवा. आता हात लावायचा नाही."

"मॅडम, एकच मिनिट, पुसायचं व्हतं," हर्षाली म्हणली.

"सरावात पुसायचं. नियम आहे."

अक्षदानं गाडी पट्टीवर ठिवली. धर्माजी फडकं हातात घिऊन उभा. त्याला पेटी दिसत व्हती, कोपऱ्यात ठिवलेली, झाकणावर कंपनीचं नाव. ही पेटी गेली की चार वाजता कोण येणार न्हाई, येवढंच त्याच्या डोक्यात. लंकाबाईचा राग न्हाई आला. राग यायला बी जागा पायजे, ती न्हवती.

अक्षदानं बटण दाबलं. गाडी हालली न्हाई. तीन मिनिटं येळ व्हती, त्यातलं एक असंच गेलं. मॅडम पेन घिऊन उभ्या.

मंग जे झालं ते धर्माजी पुढं कितींदा सांगायचा, पण एक शब्द वाढवून सांगितला न्हाई. फोटो काढणारा एक माणूस चांगला फोटो यावा म्हणून खिडकीच्या कठड्यावर चढला व्हता. त्यानं पडद्याला धरलं. पडदा, पडद्याचा दांडा आन् तो माणूस तिघं बरोबर खाली आले. माणसाला काय झालं न्हाई. पण अकराचं ऊन थेट पट्टीवर पडलं.

आन् गाडी निघाली.

तिच्या डोळ्यांवर हळदकुंकवाचा पडदा, तिला हॉलमधला उजेड पुरत न्हवता. ऊन पडलं तवा पांढरं पांढरं दिसाया लागलं आन् काळं काळं. हे हर्षालीनं मागनं समजावून सांगितलं. तवा कोणालाच काय कळलं न्हाई. गाडी वळणावर वळली, चढाला लागली, मागची चाकं टेकवून चढली आन् टोपलीपाशी जाऊन दोन टमाटी आत टाकली. तिसरं घरंगळत खाली आलं आन् कोटवाल्या सरांच्या बुटाखाली गेलं.

ऋतिक हळूच म्हणला, "सर, पाय तसाच ठिवा."

पुढच्या टीमच्या गाड्यांना त्या उनात काय दिसंना. एक गाडी जागेवरच फुगडी घालत राहिली. एक सरळ दाराबाहेर गेली, तिच्यामागं तिची टीम गेली. कोटवाले सर तावातावानं उठले, "पडदा लावून परत घ्या सगळ्यांची!"

मॅडमनी नियमाचा कागद काढला. "स्पर्धेचं नाव शेतात चालणारं यंत्र आहे, सर. शेतात पडदे असतात का?"

मंग त्या धर्माजीच्या टीमकडं आल्या. गाडी उलटी करून बघितली, वास घेतला.

"हे काय लावलंय?"

हर्षालीनं सांगितलं, "हळदकुंकू, मॅडम."

"कोणी सुचवलं?"

धर्माजीनं बोट वर केलं. सवयीनं केलं, त्याला वाटलं थोडं थांबा म्हणावं. मॅडमना वाटलं यांनीच. त्यांनी कागदावर लिवलं आन् लिवताना वाचलं बी, "स्थानिक साहित्यातून उन्हासाठी गाळणी. दोन गुण जादा."

त्या दोन गुणांनी नंबर आला आठवा. नववी जी टीम आली ती अर्ध्या गुणानं मागं व्हती. ऋतिक नाचला. अक्षदा रडली आन् म्हणली की ती रडत न्हाई.

येताना एस्टीत गर्दी. धर्माजी पेटी मांडीवर घिऊन बसला, कंडक्टर म्हणला वर टाका, तर हा म्हणला, "ऱ्हाऊ द्या राव, मांडीवर बरी हाय." नारायणगाव गेलं तवा हर्षाली झोपली व्हती. अक्षदानं इचारलं, "काका, खरं सांगा. मोटरी उलट्या तुमी मुद्दाम भरल्या का?"

"न्हाई."

"आन् हळदकुंकू?"

"तुझ्या काकूला इचार. ती म्हणंल मुद्दाम."

अक्षदा हसली न्हाई. बाहेर बघत म्हणली, "पेटी शाळेत ठिवतील आता. हेडसरांच्या कपाटात. कुलपात."

फाट्यावर उतरल्यावर शाळेचा रस्ता डाव्या हाताला, दुकान उजव्या हाताला. धर्माजी पेटी घिऊन उजवीकडं वळला. पोरं मागनं. त्यानं शटर उघडलं, भिंतीवरच्या फळीवर जुन्या मोटरींची टोपणं पडली व्हती ती समदी खाली काढली, फळी पुसली, पेटी ठिवली. आठ वर्षांत ती फळी कोणी रिकामी केली न्हवती.

"हेडसरांना मी सांगतो," म्हणला. "शाळेत पंखा बंद हाय म्हणून."

पोरं जायला निघाली. धर्माजी दारात उभा राहिला. तोंड दुसरीकडं करून, जसं काय टपरीवाल्याला इचारतोय तसं, म्हणला, "उद्या किती वाजता येताय?"

"काका, उद्या रविवार हाय," ऋतिक म्हणला.

"मंग काय झालं," धर्माजी म्हणला.