दुसरा तक्ता

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही — म्हणून असेल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी समाजशास्त्रात एम.ए. करत होतो, आणि साकोलीकडच्या दोन गावांतलं हत्तीपायाचं सर्वेक्षण माझ्याकडे होतं. कशाचा कशाशी संबंध लागतो, ते शोधायचं. पहिल्या तक्त्यात कुळ आणि रोग समोरासमोर मांडले, तर एक कुळ ठळक उठून दिसलं — सुमन नावाच्या एका लग्नाच्या मुलीचं. मी हुरळून गेलो. मग सरांच्या सांगण्यावरून घरं वेगळी काढली : बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठची एकीकडे, टेकाडावरची दुसरीकडे. आणि कुळाचा संबंध गायब! सुमनच्याच कुळातले टेकाडावरचे लोक ठणठणीत होते. काठावर मात्र कुणीही राहो, पाय सुजत होते. दोष साचलेल्या पाण्याचा, त्यातल्या डासांचा. रक्ताचा नव्हताच.

हे मला कळलं होतं. नीट कळलं होतं.

तेव्हा सुमनचं लग्न शेजारच्या, सर्वेक्षणातल्याच दुसऱ्या गावी ठरत आलं होतं. मुलगा शिक्षक, घरी धानाची शेती. एक दिवस मुलाच्या वडिलांनी मला एस.टी.च्या थांब्यावर गाठलं. "बाबू, तू तं घरोघरी फिरून राहिला. पोरीच्या घराण्यात तो पायाचा रोग हाय का? खरं सांग."

एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या बहिणीचं, शांताचं, कुठे जमत नव्हतं — आणि असं स्थळ आमच्या दारात कशाला आलं असतं? मी म्हणालो, "आकडे तं तसंच सांगतात, काका." खोटं होतं का ते? पहिला तक्ता तसंच सांगत होता. दुसरा मी गिळला.

सुमनचं मोडलं. रोगाची कुजबुज गावोगाव गेली आणि तिच्याकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात शांता त्या घरची सून झाली.

आणि ते घर? नवं बांधलेलं, मागचं दार बोडीकडे उघडणारं. कुणाचा पाय अजून सुजला नव्हता. काठच्या घरांत त्याची नोंद मीच केली होती. तरी मांडवात मी हसत वाढत होतो — लाज वाटते सांगायला.

काही वर्षांनी शांता माहेरी आली. एक चप्पल पायात, दुसरी हातात. ओट्यावर बसली आणि पाय पुढे केला.

"दादा, हा काहून सुजून राहिला असन रे? आपल्या घराण्यात तं कोणालेच नाही."

मी म्हणालो, उन्हानं असेल.

तिने मान डोलावली. तिचा विश्वास बसला.