दोन वार

हुबळीला दुर्गदबैलाच्या बाजारात सदाशिवराव मिरजकरांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. सुंठ, हिरडा, ज्येष्ठमध असलं सगळं तिथं मिळायचं. पण गावाला ते दुकान ठाऊक होतं ते त्यांच्या बायकोच्या, अंबूताईंच्या, पोटफुगीच्या पुडीसाठी आणि ती पुडी मिळण्याआधी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेसाठी.

"लग्नाचं जेवण अंगावर आलंय, अंबूताई. पुडी द्या बघू लवकर," असं म्हणत कुणी आलं, की त्या हातातलं काम ठेवून विचारायच्या, "कधीपासून फुगलंय? उलटी झाली का? वारा सरतो ना? पायावर सूज नाही ना? दुसरं औषध चालू आहे?"

"अहो, मी पुडी मागतोय, तुमची मुलगी नव्हे!"

माणसं हसायची. अंबूताई हसायच्या नाहीत. पुडी पुढं करायच्या, पण सोडायच्या नाहीत. "अर्ध्या पेल्यात पूर्ण विरघळू द्यायची. फसफस बसली, की मग प्यायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. उद्याही पोट तसंच राहिलं तर तिसरी पुडी नाही, डॉक्टर. आता म्हणून दाखवा."

गिऱ्हाइकानं म्हणून दाखवलं की त्या "बरोबर" म्हणायच्या आणि मगच पुडी त्यांच्या हातातून सुटायची. पुडीवर मात्र एकही अक्षर लिहिलेलं नसे. इतकं सुरेख अक्षर असलेली बाई, पुडीवर दोन ओळी लिहीत का नाही, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं. जुने लोक विचारत नसत.

पूर्वी त्या लिहायच्या. धारवाडच्या मराठी शाळेत चौथीला त्यांचा पहिला नंबर आला होता. वडील पुराण सांगत. घरात बोलणं साधंच, पण वडिलांच्या चोपडीतले शब्द भारदस्त. सासरी आल्यावर ओवा, हिंग, सैंधव आणि खाण्याचा सोडा यांची ती पूड त्या घरी करू लागल्या, आणि पुडीच्या कागदावर बोरूनं लिहू लागल्या: "पोट फुगल्यास दोन वार घ्यावी. न उतरल्यास डॉक्टरांस दाखवावे." दोन वार म्हणजे दोन वेळा. 'दोनदा' लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण 'दोन वार' कागदावर शोभून दिसायचं. वडिलांनी लिहिल्यासारखं.

दुकानामागच्या बोळात समोरच हेमावती राहायची. तिचा नवरा वेंकटेश रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. घरात दोघंच. हेमावती कन्नड घरातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. मराठी बोलायची ते अंबूताईंकडून ऐकून ऐकून. दुपारी वर्कशॉपचा भोंगा होईपर्यंत तिला काम नसे. ती येऊन ओवा निवडत बसायची आणि आरत्यांच्या चोपडीकडं टक लावून बघायची.

"अंबक्का, ह्यात काय लिहिलंय ते तुला दिसतं, मला नुसत्या मुंग्या दिसतात बघ."

"मग मुंग्यांची नावं शिकवते, ये."

दोन वर्षं लागली. पस्तिशीतली बाई, पाटीवर 'ग' गिरवताना जीभ बाहेर काढायची. पण शिकली. रस्त्यावरच्या पाट्या वाचत बाजारातून यायची आणि पुडीच्या कागदावरचं तर घडघडा वाचून दाखवायची. वेंकटेशला अक्षर येत नव्हतं. तो कौतुकानं म्हणायचा, "आमच्याकडं आता मास्तरीण आहे."

त्या साली पौषात अंबूताई धारवाडला गेल्या, भावजयीच्या बाळंतपणाला. निघायच्या दिवशी हेमावती दारात आली. पोट जड वाटतं, जेवण नको वाटतं, म्हणाली. टांगा थांबलेला होता. अंबूताईंनी चार पुड्या तिच्या ओटीत टाकल्या. "वर लिहिलंय तसं घे. वाचता येतं ना आता?"

"येतं की!" हेमावती म्हणाली. चेहरा कसा फुलला होता तिचा.

अंबूताई दोन आठवडे राहिल्या. परतल्या त्या दिवशी पाय धुतले आणि समोर गेल्या. हेमावती भिंतीला टेकून बसली होती. गाल आत गेलेले, लुगड्याखाली पोट मात्र नगाऱ्यासारखं ताणलेलं. अंबूताईंना बघून ती हसली.

"अग, हे काय झालंय तुझं?"

"होट्टि बघ की, उतरत नाही." तिनं आपल्या पोटावर हात ठेवला. "पुडी घेतली की ढेकर येतो, घटकाभर बरं वाटतं, मग परत तेच. कालपासून उलट्याही होतात. पण आता एकच दिवस राहिला, अंबक्का. उद्या झालं की डॉक्टरकडं जायचं."

"कसला एक दिवस?"

हेमावतीनं दाराच्या चौकटीकडं बोट दाखवलं. तिथं हळदीच्या बोटांचे ठिपके होते, एकाखाली एक, सारख्या अंतरावर. तेरा. "तूच लिहिलंस की. एरड वार. दोन वार घ्यावी, नाही उतरलं तर डॉक्टर. मी एक दिवस चुकवला नाही बघ."

अंबूताईंना कन्नड चांगलं येत होतं. 'वार' म्हणजे कन्नडात आठवडा, हे त्यांना बाजारात रोज कानावर पडत होतं. पण लिहिताना त्या मराठीत होत्या, वडिलांच्या चोपडीत होत्या. हेमावतीनं अक्षरं मराठी वाचली आणि अर्थ आपल्या घरचा लावला. वाचता येत नसतं तर तिनं कुणाला तरी विचारलं असतं.

"वारा सरतो का ग?" अंबूताईंनी विचारलं.

"चार दिवस नाही."

त्या धावत दुकानात गेल्या. सदाशिवरावांनी टांगा बोलावला आणि हेमावतीला मागं निजवलं. वाटेत अंबूताईंनी नवऱ्याला हळूच विचारलं, "चार पुड्या दिल्या होत्या मी. बाकीच्या कुठून आल्या?"

सदाशिवराव रस्त्याकडं बघत म्हणाले, "मीच दिल्या. रोज एक नेत होती. हसत यायची ग. गुण येतोय म्हणून नेते, असं वाटलं मला."

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटावर बोटं ठेवली आणि लगेच ऑपरेशनचं बोलले. आतड्यात गाठ होती, वाट बंद झाली होती, आतडं सडायला लागलं होतं. ढेकर येत होता तो नुसता वरचा. खाली काय चाललंय ते सोड्यानं कळू दिलं नव्हतं. ऑपरेशननंतर आशा कमी आहे म्हणाले, तेव्हा अंबूताईंनी त्यांना गाठून विचारलं, "आधी आणलं असतं तर वाचली असती ना ती? मला खरं सांगा."

"गाठ जुनी आहे, बाई. वाचलीच असती असं छातीठोक सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आधी आणायला हवं होतं."

अंबूताईंना आयुष्यभर पुरलं ते उत्तर. धड दोषही पदरात टाकला नाही, धड सुटकाही दिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेमावती शुद्धीवर होती. तिनं अंबूताईंचं बोट धरलं. "माझं वाचायचं चुकलं का ग, अंबक्का?"

"नाही ग राणी. तुझं वाचणं बरोबर होतं. माझं लिहिणं चुकलं."

हेमावतीनं डोळे मिटले. वाचणं बरोबर होतं एवढंच तिनं ऐकलं असावं, कारण चेहऱ्यावर समाधान दिसलं. दुपारच्या भोंग्याआधी ती गेली.

सदाशिवराव म्हणाले, "तू सोडा दिलास, विष नव्हे. वेंकटेशला काही कळलेलं नाही. झालं ते झालं, आता बोलून काय होणार?"

अंबूताई तेरा दिवस गप्प राहिल्या. देवापुढं बसायच्या, पण मागणं सुचत नसे. देवाला मराठीही येतं नि कन्नडही. त्याला सांगायचं काही राहिलं नव्हतं. सांगायचं होतं ते समोरच्या घरात.

चौदाव्या दिवशी वेंकटेश स्वतःच आला. हातात पुडीचा रिकामा कागद होता, नीट घडी घातलेला. "अक्का, हा देवाच्या कोनाड्यात सापडला. ती रोज हे वाचायची. मी म्हणायचो, चल डॉक्टरकडं, तर म्हणायची, अंबक्कानं लिहिलंय तसं करू. काय लिहिलंय ह्यात? मला वाचून दाखवा."

काहीही वाचलं असतं तरी त्याला कळणार नव्हतं. सदाशिवराव गादीवरून डोळ्यांनी नको नको म्हणत होते. अंबूताईंनी कागद उलगडला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं, हेमावतीला शिकवताना वाचायच्या तसं. मग 'वार' म्हणजे त्यांच्या मनात काय होतं आणि हेमावतीनं काय धरलं, तेही कन्नडात सांगितलं.

वेंकटेशनं कागदाकडं बघितलं. "दोन वेळा?" एवढंच म्हणाला. कागद परत घेतला, तशीच घडी घातली आणि निघून गेला. घराच्या चौकटीवरचे ठिपके त्यानं पुसले नाहीत. अंबूताईंना ते दुकानाच्या मागच्या दारातून रोज दिसायचे.

त्या दिवसापासून त्यांनी पुडीवर लिहिणं सोडलं आणि लोकांची परीक्षा सुरू झाली.

वेंकटेश वर्षभर दुकानाची पायरी चढला नाही. बोळात समोर आला तर मान खाली घालून जायचा. मग एकदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. वर्कशॉपातल्या कुणाकडं तरी जेवला होता, पोट फुगलं होतं. अंबूताईंनी विचारायचं ते सगळं विचारलं. त्यानं एकेकाचं उत्तर दिलं. त्यांनी पुडी पुढं केली, पण म्हणून दाखवा म्हणायला तोंड उघडेना.

त्यानंच म्हटलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. "एरडे सल. दोनच वेळा. सकाळी एक, संध्याकाळी एक. उद्या नाही उतरलं तर डॉक्टर."

पुडी दोघांच्या हातात होती. अंबूताईंना 'बरोबर' म्हणायचं होतं. पुडी त्यांच्या हातून सुटेना.

वेंकटेश म्हणाला, "बरोबर ना, अक्का?"

त्यांनी मान हलवली आणि पुडी सोडली.