घंटा का वाजली नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना आधी अभिमानच दाटून येतोय, त्याला काय करू?

कोंडाणे गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. सुट्टीत शिळफाट्याजवळच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. तिथे विजेचा भार मोजणारं नवं यंत्र आलं होतं — काट्याऐवजी लाल आकडे दाखवणारं. भार मर्यादेपुढे गेला की त्याची घंटा वाजायची. इंग्रजी पुस्तक वाचून, कळा दाबून त्यात मापं भरायची होती. साहेबांनी ते काम दिलं — मला!

त्या दिवशी बाबा बघायला येणार होते. मी नवा पांढरा शर्ट घातला होता. केबलभोवती बसवलेल्या कॉइलवरचा आकडा यंत्राला सांगावा लागतो. त्यावरच त्याचा सगळा हिशेब. तो वाचायचा तर ग्रीसने माखलेल्या केबलच्या खड्ड्यात उतरायला हवं. मी — उतरलो नाही. जुनी, काढून ठेवलेली कॉइल फळीवर होती. तिच्यावरचा आकडा भरला. नवी दुप्पट क्षमतेची असेल, हे सुचलं नाही? की सुचू दिलं नाही?

लाल आकडे उजळले. बाबा गेटवरच्या वॉचमनला सांगत होते, "आमचा पोरगा यंत्राला शिकवतो रं, यंत्राला!"

यंत्र निम्माच भार दाखवत राहिलं. घंटा वाजलीच नाही. मग विजेचं बिल आलं, मर्यादेपुढे भार गेल्याच्या दंडासकट. कटकट नको म्हणून वायरमन जानूदादानेच घंटेची वायर काढली असणार, असं साहेबांनी ठरवलं.

जानूदादा माझ्याकडे आला. "भाऊ, तू तरी सांग रं. मी हात नाय लावला."

"बघतो," म्हणालो.

मग कोणी बघत नसताना जुने कपडे घालून खड्ड्यात उतरलो, खरा आकडा वाचला, यंत्रात भरला. लगेच घंटा खणखणली. सगळे जानूदादाकडे बघून हसले — "काय रं, जोडलीस गुपचूप?" त्याला विजेच्या पॅनेलच्या कामावरून काढून ट्रकचा माल उतरवायला लावलं. मी तिथेच उभा होतो.

बाबा शेवटपर्यंत गावात त्या लाल आकड्यांची गोष्ट सांगत. माझी छाती फुगायची. आजही फुगते.

जानूदादाने वायरला हात लावला नव्हता.