फळी कोण धरणार

माझ्या नवऱ्याला कोणाला हाक मारायचा फार कंटाळा. कंटाळा हा शब्द मी जरा मऊ करून लिहिते आहे. खरं म्हणजे त्याला ते जमतच नसे. तांब्या हाताच्या अंतरावर असला आणि मी तिथेच उभी असले तरी 'दे' म्हणणार नाही, स्वतः उठेल. धडधाकट होता तोवर मला त्याचं कौतुक वाटायचं. बाकीच्या बायका नवऱ्यांच्या हाकांनी वैतागलेल्या, आणि माझ्या घरी हाकच नाही.

मग लाकडाच्या एका ठेकेदाराकडे मुकादमी करत असताना ट्रकवर चढवता चढवता सागाचा लठ्ठा घसरला आणि त्याच्या उजव्या पायावर आला. नागपूरच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापावा लागला. नकली पाय घेऊन तो घरी आला आणि तेच कौतुक माझ्या जिवाला लागलं. पाय नवा होता, टोचायचा, उठवत नसे; तहान लागली तरी हाक न मारता बसून राहायचा. मी शाळेतून आले की पाण्यावर असा तुटून पडायचा की मला रडू यायचं आणि रागही यायचा.

गडचिरोली तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. आम्ही अहेरीला राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, माझ्या पगारात घर चालत होतं, त्यामुळे पोटाची काळजी नव्हती. काळजी होती ती त्याची. कोंबड्याच्या आधी उठून जंगलात जाणारा माणूस आता उन्हं अंगणात आली तरी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. हा असाच भिंतीकडे पाहत म्हातारा होणार, ही धास्ती मी डब्यासोबत रोज शाळेत घेऊन जायचे.

एका रविवारी तो आपण होऊन म्हणाला, "मी घरीच सुतारकाम करतो म्हणतो."

"करा न," मी म्हटलं, जणू त्याने पोहे करू का असं विचारलं होतं. आत चुलीपाशी जाऊन मात्र मी पदराने डोळे पुसले. लाकूड त्याला माणसासारखं ओळखू यायचं. साग, बिजा, शिसम तो वासावरून सांगायचा. आयुष्यभर लठ्ठे मोजले, पण त्यातली एक फळी कधी स्वतः कापली नव्हती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे सुतार राहायचे. माझ्या सासूच्या काळात त्यांच्या घरचे लोक आमच्याकडे पाणी प्यायचे नाहीत. आता ते स्वतः येऊन बसले, चहा घेतला, बशीतला शेवटचा थेंबसुद्धा प्यायले, आणि म्हणाले, "आमच्या घरचं काम तुमी शिकाले निघाले, तर मंग नीट शिका. अवजार हलकं घेऊ नोका." मग काय काय लागेल ते त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं: करवत, रंधा, खाचा पाडायला पटाश्या, तासायला वाकस, भोकं पाडायला गिरमिट, कोन पाहायला गुण्या. पटाशी घेताना ती दोरीला टांगून वाजवून बघायची, बद्द आवाज आला तर ठेवून द्यायची, हेही सांगितलं.

माझा धाकटा भाऊ चंद्रपूरला एका कारखान्यात फिटर होता. त्याला हे सगळं ऐकून हसू आलं. "भाऊजी, आता हातानं कोण रंधा मारते? मशीन घ्या. करवत, रंधा, ड्रिल, तिन्ही एकातच. बटन दाबलं का झालं." नवऱ्याचे डोळे चमकले. बटणाला हाक मारावी लागत नाही, हे त्याच्या लगेच लक्षात आलं असणार.

आम्ही एसटीने चंद्रपूरला गेलो. दुकानात ते यंत्र हिरव्या रंगात चकचकत उभं होतं. नवऱ्याने त्याच्या पाट्यावरून हात फिरवला, खाली वाकून मोटर पाहिली, परत हात फिरवला. भाऊ तर असा उभा होता, जणू यंत्र त्यानेच घडवलंय. दुकानदाराने विचारलं, "कुठी न्याची?"

"अहेरीले."

दुकानदाराने हातातलं फडकं खाली ठेवलं. "भाऊ, जंगलातल्या गावात घरी गोल करवत चालवाल, तर गिऱ्हाइकाच्या पयले फॉरेस्टवाले येतीन. परवाना आहे का?"

परवाना कुठला? आमच्याकडे करवतीच्या यंत्राचा घुर्र आवाज निघाला की तो चोरट्या सागाचाच, असं गार्डपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे धरून चालतात. जंगलात हयात गेलेल्या माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मोहात पडला होता. भाऊ पडेल आवाजात म्हणाला, "मंग हातचीच घेऊ," आणि नवरा यंत्राकडे पाठ करून पटाश्यांच्या खोक्यापाशी जाऊन बसला.

त्याने एकेक पटाशी दोरीला टांगून वाजवली. दुकानात लग्नाच्या भांड्यांसारखा किणकिणाट. दुकानदार घड्याळाकडे पाहू लागला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी आत कुठेतरी इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. दवाखान्यातून आल्यापासून कुठल्याही गोष्टीवर त्याने इतका वेळ खर्च केला नव्हता. करवतीचे दात त्याने अंगठ्याने चाचपले. रंध्याची मूठ हातात बसते की नाही हे पाहायला चार रंधे काढायला लावले. परतताना बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसला, माझ्याकडे दिली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, गोणपाट अंथरून कारखाना उघडला. जंगलखात्याच्या डेपोच्या लिलावातले सागाचे तुकडे पावतीसकट आणून ठेवले होते. म्हातारे सुतार आले, जमिनीवर बसले, फळी समोर टाकली आणि पायाने दाबून करवत चालवू लागले. मग पटाशीचं काम दाखवायला एक छोटा ठोकळा पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात चिमटीसारखा पकडला आणि त्यात सुबक खाच पाडली. पाहत राहावं असं काम.

"आता तुमी बसा भाऊ."

नवरा बसला. डावा पाय फळीवर ठेवला. उजवाही ठेवला, नकली. करवत पहिल्यांदा मागे ओढली आणि फळी गर्रकन फिरली. पुन्हा सरळ केली, पुन्हा फिरली. नकली पायाने चालता येत होतं, पण त्याला दाब कळत नव्हता, आणि बोटं तर नुसती दिसायला होती. तिसऱ्यांदा फळी फिरली तेव्हा सुतारांचं लक्ष त्या पायाकडे गेलं. इतकी अवजारं त्यांनी बोटांवर मोजून सांगितली, त्यात पाय आला नव्हता. कसा येणार? जन्मल्यापासून जो अंगाला लागून आहे त्याला कोण अवजार म्हणेल? ते म्हातारं माणूस इतकं ओशाळलं की चहा न घेता गेलं.

नवऱ्याने करवत गोणपाटावर ठेवली. मला तो भिंतीकडे वळताना दिसू लागला, अजून वळला नव्हता तरी. मी साडी खोचली, त्याच्यासमोर बसले आणि फळीचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. "मारा करवत," मी म्हटलं.

तेव्हापासून सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी शाळेनंतर मी फळ्या धरू लागले. केसात भुसा घेऊन वर्गावर जायचे, पोरं हसायची. पहिला पाट वाकडा झाला, दुसरा त्याहून वाकडा, पण तिसऱ्यावर माणूस बसू शकत होता. आणि काम करता करता तो बोलू लागला. लठ्ठ्यांच्या ढिगावर ऐटीत बसलेलं अस्वल, नदीला पूर आल्यावर पलीकडे अडकलेला मुक्काम, माडिया मजुरांनी त्याला खाऊ घातलेली लाल मुंग्यांची चटणी. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. मी आवडीने फळी धरत होते. शाळा कधी सुटते असं मला व्हायचं, पोरांपेक्षा जास्त.

एके दिवशी शाळेत बैठक लांबली. घरी आले तर तो सपरीत करवत हातात घेऊन बसलेला, समोर अर्धी कापलेली फळी.

"शाळा सुटली तवापासून बसून आहो मी," तो म्हणाला.

"मंग शेजारी होते न. हाक माराची कोणाले."

"पाण्यासाठी नाई मारली कधी," तो म्हणाला, "आता दर फळीले मारू का?"

"मी काऊन येतो मंग?" मी विचारलं. "मी कोणी नाई का?"

मी भांडी आपटत स्वयंपाक केला. मला खरोखर लागलं होतं. माझ्या दिवसातली सगळ्यात सुखाची वेळ त्याला उसनवारीसारखी वाटत होती.

पुढच्या खेपेला भाऊ आला तेव्हा नवऱ्याने त्याला विचारलं, "तुमच्या कारखान्यात लोखंड कशात धरते?" भावाने कपाळावर हात मारला. लोखंड आवळून धरणाऱ्या ज्या शिकंज्यावर दिवसभर त्याचं काम चालायचं, तो त्यालाच सुचला नव्हता, कारण त्याच्या डोळ्यासमोर सुतार म्हणजे जमिनीवर बसलेलाच माणूस होता. पुढच्या महिन्यात तो लाकडासाठीचा लोखंडी शिकंजा घेऊन आला. पण शिकंजा ठोकायला कमरेएवढं उंच, जड टेबल हवं. म्हातारे सुतार म्हणाले, "उभ्यानं सुतारकी करताना मी तं कोणाले पाह्यलं नाई," आणि संध्याकाळी आपल्या घरची बिजाची जाड फळी पोराच्या खांद्यावर पाठवून दिली.

ते टेबल आम्ही दोघांनी केलं. त्याने कापलं, मी धरलं. चारही पाय, आडव्या पट्ट्या, एकेक खाच. आपली गरज संपवणारी वस्तू आपणच घट्ट धरून बसलोय हे मला प्रत्येक ठोक्याला कळत होतं. हात सुटावा असं एकदाही वाटलं नाही. शेवटची खुंटी ठोकून झाल्यावर तो म्हणाला, "झालं." मी उठून हात धुतले.

मग तो उभ्याने काम करू लागला. पहाटे रंध्याच्या आवाजाने मला जाग यायची. शिकंज्यात फळी, त्यावर तो वाकलेला, कपाळावर घाम. सपरीत येईल त्याला सांगायचा, "आता कोणालेच हाक माराले लागत नाई." चेहरा असा की बघणाऱ्याचं मन भरून यावं. मलाही आनंद व्हायचा, खोटं नाही. फक्त त्या 'कोणाले' मध्ये मी होते. शाळा सुटली की आता मी सावकाश घरी यायचे.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. बाहेर रंधा चालू होता, तो थांबला. मग हाक आली. माझ्या नावाची, मोठ्याने, शेजारच्यांना ऐकू जाईल अशी. काही लागलं की काय म्हणून मी धावत गेले. त्याला काही झालं नव्हतं. फळी शिकंज्यात पक्की होती, हलवून हलली नसती.

"काय झालं जी?"

त्याने फळीच्या टोकाकडे हात दाखवला. "धर न जरा."

मी साडी खोचली आणि धरली.