टिप्या बसला होता ती जागा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा माणूस मी. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला एका कारखान्यात मशीनवर काम करतो, मोजता येईल तेवढंच खरं मानतो. इथले अनुभव वाचून तर चक्क हसायचो. आता तुम्ही हसा... माझी हरकत नाही.

धावायचं वेड लागलं ते हाफ मॅरेथॉनमुळे. सोबतीला टिप्या – आमचा तपकिरी गावठी कुत्रा. हात मोकळे राहावेत म्हणून त्याचा पट्टा मी माझ्या कमरेच्या बेल्टला अडकवायचो. फर्स्ट शिफ्ट सुटली की चारच्या आत निघायचो, सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळ-माळावरच्या, डांबरी रस्त्याने.

मे महिना. आई घरामागच्या कातळावर आमसुलं वाळत घालत होती. घालण्याआधी ती उलटा हात टेकवून बघते, कातळ नीट तापलाय ना. त्या दिवशी हात झटकन मागे घेत ओरडली, "मेल्या, इथे हात ठेववत नाही नि त्या मुक्या जनावराला कुठे नेतोयस?"

"त्याला सवय आहे गं!"

सवय! माझ्या पायात महागडे बूट. त्याच्या पायात काय होतं?

वाटेत एक आंब्याची बाग आहे. तिच्या गडग्यापाशी, म्हणजे जांभ्या दगडांच्या कुंपणापाशी, टिप्या बसला. पट्टा मागे ओढायला लागला. मी घड्याळात बघत होतो. "नाटकं पुरे," म्हणत झटका दिला. बिचारा उठला, धावला... आणि पुढच्या वळणावर कोसळला. डॉक्टरकडे पोचेपर्यंत संपलं होतं. पंजे सोलवटले होते. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. ऊन कसलं, मी मारलं त्याला.

सहा-सात महिने धावलो नाही. डिसेंबरात पुन्हा सुरू केलं, सकाळी सातला, एकटाच. बेल्ट तोच, मोबाईल ठेवायला. गडग्यापाशी आलो आणि कमरेला मागून झटका बसला. चांगला जोरात! वळून बघितलं, कोणी नाही. बेल्ट कशात अडकलेला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

मित्राला सांगितलं तर म्हणाला, "अरे, तो तुला वाचवतोय." कशापासून? ना गाडी आली, ना साप निघाला. आणि मला वाचवायला मी असा कोण लागून गेलोय!

चौथ्या दिवशी झटका बसल्यावर तिथेच खाली बसलो, आईसारखा उलटा हात रस्त्यावर टेकवला. रस्ता दवाने ओला होता... आणि हात भाजला. तापलेल्या तव्याला लागावा तसा. वीतभर बाजूला टेकवला, तर गार.

घरी आईने फोड बघितला. "कुठे भाजलास रे?"

सांगितलं. ती उठली. आत जाऊन कोकमतेलाचा गोळा घेऊन आली, तो पातळ केला आणि फोडाला लावायला लागली.

"त्या दिवशीच काढून ठेवला होता हा," मग म्हणाली. "म्हटलं, आला की त्याच्या पायांना लावीन."

मला तिच्याकडे बघवेना.

फोड गेला, डाग राहिलाय. ओल्या, गार रस्त्यावर हात कसा भाजतो, याचा उलगडा अजून झालेला नाही. झटका रोज बसतो नि मी रोज थांबतो. त्या दिवशी थांबायला काय धाड भरली होती मला?