तू लांबूनच बघ

बाईंनी माझ्या हातातला काचेचा पेला काढून घेतला. पदराच्या टोकात धरून. मग वाकून, फक्त मला ऐकू येईल अशा मराठीत विचारलं, "मोठ्या माठात हात घातलास?"

मी हो म्हणाले. पाणी आणायला त्यांनीच सांगितलं होतं. कुणीतरी एकीने जा, म्हणाल्या. दाराजवळ मी होते, मी गेले. शाळेच्या परिंड्यावर, मतलब पाण्याचे माठ ठेवायच्या ओट्यावर, लोटा सापडला नाही. मी पेलाच बुडवला. बोटं भिजली. एवढाच माझा गुन्हा.

बाई सरळ उभ्या राहिल्या. पाणी भरणाऱ्या केसरबाईला हाक मारून हिंदीत म्हणाल्या, "बड़ा घड़ा खाली कर दो। उसमें कीड़ा है।"

केसरबाई गेली. माठात डोकावून परत आली. म्हणाली, "कीड़ो तो कोनी दीखै, बहनजी।" किडा तर दिसत नाही.

"है। खाली करो, राख से माँजो।"

पाणी मोरीतून वाहत गेलं. जयपूरचा उन्हाळा. नळाला सकाळी तासभर पाणी. भरलेला माठ ओतला गेला आणि कुणी काही विचारलं नाही. बाईंनी दुसऱ्या माठातलं पाणी मागवलं. कांद्याचा पापुद्रा सोलला, काचपट्टीवर ठेवला, वर पाण्याचा थेंब सोडला. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. लाकडी पेटीतला, सरकारी मदतीतून आलेला. पेटी उघडली की आम्हाला सणासारखं वाटायचं. मुली एकेक पुढे जात होत्या, एक डोळा मिटून दुसरा नळीला लावत होत्या. माझा नंबर आला. बाई पुन्हा मराठीत, हळूच म्हणाल्या, "तू लांबूनच बघ."

सूक्ष्मदर्शकातून लांबून काय दिसतं? पितळेची नळी दिसते. दुसरीची पाठमोरी वेणी दिसते. मी तेच बघत उभी राहिले.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी नववीत होते. चारदीवारीतली, म्हणजे तटबंदीच्या जुन्या शहरातली, मुलींची शाळा. बाबा टपाल खात्यात पत्रं लावायच्या कामाला. भंडाऱ्याकडून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो, राजा पार्कात एका पंजाबी निर्वासित बाईंची एक खोली भाड्याने घेतली. बाबांनी तोवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली होती. घरात देव नव्हते. आणि इथे आमचं आडनाव कुणाला कळत नव्हतं. मारवाडी असो, सिंधी असो, त्यांना आम्ही नुसते दक्षिणेकडचे लोक. गावात माय विहिरीपासून दहा हात लांब उभी राहायची. राजा पार्कात ती सगळ्या बायकांच्या रांगेत नळावर उभी राहिली. पहिल्या दिवशी घरी येऊन घागर उतरवली आणि नुसती बसून राहिली. रडली नाही. हसलीही नाही.

आमची जात जयपूरला मराठीतून पोचली.

विज्ञानाच्या बाई पुण्याच्या. यजमान कॉलेजात प्राध्यापक. पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझं नाव ऐकून त्यांचा चेहरा फुलला. "अगं, मराठी का तू?" परक्या मुलखात शाळेत मराठी कानावर पडली, माझं पोट भरलं. त्यांनी विचारलं, गाव कोणतं. सांगितलं. गावात घर कोणत्या बाजूला? सांगितलं. वडील काय करतात, घरी कोणता देव? मी भोळेपणानं सांगत गेले. शेवटच्या उत्तराला माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात गेला. कधी गेला तेही कळलं नाही.

पण बाई शिकवायच्या फार चांगलं. ते मी नाकारणार नाही. चाकसूला शीतळामातेची जत्रा भरते. पोरींनी तिथला थंडा प्रसाद वर्गात आणला. बाईंनी फळ्यावर देवीच्या रोगाचं कारण लिहिलं. माता कोपत नाही, म्हणाल्या, रोगजंतू शरीरात शिरतात, म्हणून लस टोचून घ्या. आणि लिहिलं, 'विज्ञान क्या है? देखना, जाँचना, तब मानना।' मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं. अक्षर घोटून उतरवलं. त्या दिवशी मला बाई मोठ्या वाटल्या.

त्याच बाई. त्याच फळ्यासमोर.

माठ ओतल्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेतलं. समजावलं. "मला स्वतःला काही वाटत नाही गं. पण इथल्या मुलींच्या घरी कळलं तर गोंधळ होईल. तुझ्याच भल्यासाठी सांगते. हे आपल्या दोघींत राहू दे."

आपल्या दोघींत. मी मान हलवली. उपकार झाल्यासारखी हलवली. त्याची लाज मला आजही वाटते.

मग दर प्रयोगाला तेच. गंधकाचा प्रयोग, लांबून. चुंबक, लांबून. प्रयोगवहीत मात्र आकृती काढावी लागायची. मी पुस्तकातून काढायची. पेन्सिलीला टोक करून, एकेक पेशी रेखीव. बाकीच्या पोरींनी डोळ्यांनी पाहिलेलं काढलं, म्हणून त्यांच्या पेशी वाकड्यातिकड्या, मध्येच हवेचा बुडबुडा. माझ्या वहीवर बाईंनी लाल शाईने 'उत्तम' लिहिलं आणि वही वर्गभर फिरवली. देखो, ऐसा होना चाहिए। जिने पाहिलंच नाही, तिची आकृती सगळ्यांत बरोबर.

मी वही घरी नेली. बाबांना दाखवली. बाबांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण पत्ता वाचावा तसे ते कागद वाचायचे. काही सुटू द्यायचे नाहीत. 'उत्तम'वर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे सगळं तू यंत्रातून पाहिलं का?   मग मी सगळं सांगितलं. माठ, कीडा, दोघींतली गोष्ट.

बाबा रागावले नाहीत. पहिलं पान उघडून तिथली ओळ वाचली. मग म्हणाले, "तुह्या बाईनं खोटं सांगितलं, ते तिच्यापाशी. पण पोरी, न पाहता पाहिलं म्हून तू काऊन लिहिलं?"

माय म्हणाली, लेकराला कशाला बोलता. बाबांनी वही मिटली आणि परत दिली. मी जेवले नाही. बाईंचा राग आला होता, तो कमी पडला. स्वतःचा आला. माझ्या हातानं मी त्यांचं खोटं रेखीव करून देत होते, वर शाबासकी घेत होते.

पावसाळ्यानंतर शाळेत निरीक्षिका आल्या. बाईंनी मला उभं केलं. पाठांतर माझं पक्कं होतं. निरीक्षिकांनी विचारलं, विज्ञान क्या है. मी सांगितलं, देखना, जाँचना, तब मानना. त्या खूश झाल्या. माझी प्रयोगवही चाळू लागल्या. कांद्याच्या पापुद्र्यावर थांबल्या.

"यह तुमने खुद देखकर बनाया?"

मागून बाईंचा आवाज आला. मराठीत. हलका, गोड. "हो म्हण."

  बाई मराठीत का बोलतात ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. ती जवळीक नव्हती. तो पडदा होता. आणि पडद्याचं एक टोक मी धरून ठेवलं होतं.

मी हिंदीत बोलले. सगळ्यांना कळेल अशी.

"जी नहीं। मुझे देखने नहीं दिया जाता। उस दिन घड़े में कीड़ा नहीं था। मेरा हाथ था।"

 बाई म्हणाल्या, मुलगी खोटं बोलते. केसरबाई पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. मी म्हणाले, त्यांना विचारा. माठात त्यांनी डोकावून पाहिलं होतं.

निरीक्षिकांनी केसरबाईकडे पाहिलं. केसरबाईने खाली पाहिलं. हातातलं पेल्यांचं ताट तिने खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "कोनी छो।"

नव्हता. एवढंच म्हणाली.

पुढे काय झालं? काही नाही झालं. निरीक्षिकांनी वही मिटली, लड़की तेज है असं काहीतरी पुटपुटल्या आणि पुढच्या वर्गात गेल्या. शेऱ्यात एक ओळसुद्धा आली नाही. केसरबाईला परिंड्यावरून काढून मैदान झाडायला लावलं. माझ्या बाकावरची विमला, माझ्या डब्यातली भाकरी हौसेनं खाणारी, दुसऱ्या दिवशी बाक बदलून बसली. आणि मुख्याध्यापिकांनी बाबांना बोलावलं. मुलीने लेखी माफी मागावी, नाही तर विज्ञान सोडून गृहविज्ञान घ्यावं. शिवण, स्वयंपाक, तिला उपयोगी पडेल, म्हणाल्या.

बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. खुर्ची दिलेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मागतं का माफी?"

"नाही."

बाबा मुख्याध्यापिकांना म्हणाले, "नहीं माँगती।" टोपी डोक्यावर घातली आणि आम्ही बाहेर आलो.

माझं वर्ष गेलं. घरी बसले. दुसऱ्या वर्षी एका लांबच्या शाळेत जागा मिळाली. मुलांची शाळा, विज्ञानाच्या वर्गात मी एकटी मुलगी. बाबांना सुट्टी नव्हती, म्हणून प्रवेशाचा अर्ज भरायला मी आणि माय गेलो. अर्जात एक रकाना होता, आधीची शाळा सोडण्याचं कारण. खिडकीतला कारकून म्हणाला, लिहा, पिता का तबादला. सगळे तेच लिहितात.

मी लिहिलं, 'अछूत समझकर प्रयोग नहीं करने दिया।'

त्याने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मायकडे पाहिलं. मायला वाचता येत नव्हतं, ती माझ्याकडे बघत होती. "यह नहीं लिखते," असं म्हणून त्याने ओळीवर रेघ मारली आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला.

मायने विचारलं, काय झालं. मी तिला मोठ्याने, आधी मराठीत, मग रांगेतल्या सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत, काय लिहिलं होतं ते सांगितलं. दौत ओढली. त्याने मारलेल्या रेघेच्या खाली तीच ओळ पुन्हा लिहिली. याने खोडली तर तिसऱ्यांदा लिहीन. अर्ज फाडला तर दुसरा मागीन. कारण हे आहे, आणि कारण मी बदलणार नाही.